पुसलेला गाल

स्पॅनिशमध्ये पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं हे मी अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता शिकले. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. त्यातली बाई म्हणायची, "ब्येनवेनीदोस," की मागोमाग मीही पळी हातात धरून म्हणायची, "ब्येनवेनीदोस." चार दिवसांत माझी पोरं माझ्याआधी शिकली. ग्रामसेवक तपासणीला आले, तर वीस पोरं एका सुरात ओरडली, "ब्येनवेनीदोस!" त्यांना वाटलं ही कुठली तरी नवी सरकारी योजना आहे. माझ्याकडून नाव नीट विचारून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही.

हा सगळा खटाटोप धाकट्या दिरांमुळे. आमचं गाव कडेगावपासून जवळ, चहूकडं ऊस. दिरांचं गुऱ्हाळ आहे, आणि रसायन न घालता गूळ करणाऱ्या शेतकऱ्यांचा त्यांनी एक गट केला आहे. त्या गटाला कुठूनसं पत्र आलं की कोलंबिया देशातले गूळ करणारे लोक आपलं गुऱ्हाळ बघायला येणार, एक रात्र राहणार. कोलंबिया कुठं आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तिकडंही ऊस आहे, तिकडचे लोकही रस आटवून गूळ करतात, हे कळल्यावर मात्र तो देश कडेगावच्या जरा पलीकडंच असावा असं सगळे बोलायला लागले. पुण्याहून दुभाषा येणार होता, पण दिरांचं म्हणणं पडलं की घरातल्या माणसानं दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलायला पाहिजेत.

"वयनी, तुमीच बोला. आमची जीभ काय वळायची न्हाई," ते म्हणाले.

माझा मुलगा तेव्हा रजेवर होता. त्यानं माझ्या मोबाइलवर ते धडे घालून दिले आणि म्हणाला, "आई, तुला वेळ जात नाही, तेवढंच डोकं चालेल." मग तो परत गेला. तो फौजेत आहे. त्याचे वडीलही फौजेत होते.

आता माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी भित्री बाई आहे. बाहेरून तसं वाटत नाही. अंगणवाडीत सगळे मला टरकून असतात, सुपरवायझर बाईसुद्धा. पण आतून मी भित्री आहे, आणि ही भीती मला मालकांच्या जाण्यापासून जडली. सोळा वर्षांपूर्वी ते रजा संपवून निघाले होते. पिशवी खांद्यावर, पाय उंबऱ्याबाहेर, आणि माझं लक्ष गेलं की भाकरीचं फडकं ओट्यावरच राहिलं आहे. मी मागून ओरडले, "आवं, थांबा की, भाकरी ऱ्हायली!" ते मागं फिरले, भाकरी घेतली, हसले, गेले. तेराव्या दिवशी निरोप आला की तिकडं डोंगरात त्यांची गाडी दरीत गेली.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे मला काय माहीत नव्हतं? तरी मी मारली. हाकेनं गाडी दरीत जात नाही, हे मला कळतं. मी बी. ए. आहे. पण कळणं एकीकडं आणि भीती एकीकडं. सोळा वर्षं मी मनात त्या सकाळी परत जाते आणि ती भाकरी ओट्यावर तशीच राहू देते.

म्हणून मी सगळे नियम पाळते. काळी टिकली लावते, कुंकू लावत नाही. कुणाच्या ओटीला हात लावत नाही, ओवाळणीच्या ताटाजवळ जात नाही. टिकली चालते आणि कुंकू चालत नाही, हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेनं ठराव केला की विधवांनी कुंकू लावावं, हळदी-कुंकवाला यावं, जुन्या चाली बंद कराव्यात. गावात अक्षर बरं आणि आवाज मोठा म्हणून तो ठराव वाचून दाखवायला मलाच उभं केलं होतं. मी खणखणीत वाचला. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी देवापुढं हात जोडले आणि म्हटलं, मी नुसतं वाचलंय, मी काही लावणार नाही, माझ्या पोराला सांभाळ.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. म्हणाला, "आम्ही पुढं सरकतोय, चार-पाच दिवस रेंज नसेल, काळजी करू नको." काळजी करू नको असं तो म्हणाला की मी काळजी सुरू करते. फोन ठेवल्यावर मी ते चार-पाच दिवस बोटांवर मोजले. पाहुण्यांचे दोन दिवस त्यांच्या बरोबर मध्ये येत होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती कडक नाहीत. मालक गेल्यावर मला शिकायला, नोकरी करायला त्यांनीच बाहेर काढलं. मी उद्याचे शब्द घोकत होते, त्या ऐकत होत्या.

"तुजं त्ये स्पॅनिश काय आसंल त्ये बोल," त्या म्हणाल्या. "लय ग्वाड बोलतीस. पर ताटाजवळ जाऊ नगंस बाई. पोरगं तिकडं हाय."

"मी कशाला जातेय आत्ती?"

"न्हाई, आपलं सांगून ठेवलं."

त्यांनी सांगायला नको होतं. तोवर ती भीती माझ्या एकटीची होती, आता आम्हा दोघींची झाली. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गाडी आली. हलगीवाले बोलावले होते. दारात रांगोळी. दिरांनी पुरुष पाहुण्यासाठी फेटा तयार ठेवलेला. धाकटी जाऊ ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, आणि मी ठरल्याप्रमाणे तिच्यापासून चार हात लांब, तुळशीच्या कठड्याला पाठ लावून. गाडीतून एक बाई आणि तिचा भाऊ उतरले, मागून चाळिशीतला दुभाषा. बाई माझ्याच वयाची, पन्नाशीच्या आसपास, बुटकी, अंगानं भरलेली. तिच्या उजव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा मोठा डाग होता, कातडी आवळून गुळगुळीत झालेली. बघताक्षणी गावातल्या बायांना कळलं की हा रस आटवायच्या काहिलीचा चटका आहे. उकळता रस उडाला की असाच डाग पडतो. आमच्या गूळ करणाऱ्या गुळव्याच्या दंडावर तसाच आहे.

जावेनं दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. जावेचा हात सढळ आहे. बाईच्या कपाळावर रुपयाएवढं ओलं कुंकू बसलं, त्यावर अक्षता. मग दिरांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मी जोरात म्हटलं, "ब्येनवेनीदोस! एस्ता एन सु कासा!" म्हणजे या, हे तुमचंच घर आहे.

त्या बाईचा चेहरा असा उजळला की मी अजून विसरलेले नाही. विमानातून उतरल्यापासून आपल्या भाषेत तिच्याशी भाऊ आणि दुभाष्याखेरीज कुणी बोललं नसणार. ती काहीतरी ओरडली, दोन्ही हात पसरून सरळ माझ्याकडं आली आणि मला कवटाळलं. त्यांच्यात गालाला गाल लावून भेटतात, हे धड्यात होतं. धड्यात दोन कोरडे गाल होते. ही माझ्यापेक्षा बुटकी, तिनं मला खाली ओढलं, गालाला गाल लावला, आणि तिचं ओलं कपाळ माझ्या गालावर घासलं गेलं.

हलगी वाजायची थांबली की मलाच ऐकू येईनासं झालं, कोण जाणे. ती बाजूला झाली तेव्हा मला जावेचं तोंड दिसलं, आणि मी गालाला बोट लावायच्या आधीच कळलं. बोट लावलं तर लाल. मी आत्तींकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडात धरला होता.

त्या क्षणी मला काय झालं ते स्पष्टच लिहिते. मला माझा मुलगा दिसला. उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला, पाठमोरा. बाकी काही नाही. मी हसले, पाहुण्यांना हातानं घराची वाट दाखवली, आणि माणसांच्या गर्दीतून निघून मागच्या परसात मोरीजवळ गेले. नळ सोडला. गालाला आधी पाणी, मग साबण, मग धुण्याच्या दगडाजवळची घासणी मिळाली तीसुद्धा. कुंकू गेलं तरी मी घासतच होते, कारण लाली जात नव्हती. ती माझ्याच कातडीची लाली होती.

नळावर आरसा टांगलेला आहे, दीर तिथं दाढी करतात. घासता घासता मी वर बघितलं तर आरशात माझ्यामागं ती उभी. जावेनं तिला हात-पाय धुवायला आणलं असणार. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्या हातातल्या घासणीकडं बघत होती. मग तिचा हात हळूच स्वतःच्या गालावरच्या डागाकडं गेला. ती वळली आणि आत निघून गेली.

मला पहिल्यांदा काहीच उमगलं नाही. ती जेवायला आली तेव्हा तिनं गळ्यातला रुमाल डोक्यावरून घेऊन गालावर ओढून घेतला होता, आणि तेव्हा मला कळलं.

तिला वाटलं होतं की मला तिच्या डागाची किळस आली. घरात बोलावून, हे तुमचंच घर म्हणून सांगून, तिचा गाल लागला म्हणून मी साबणानं तोंड धुतलं. दुसरं काय वाटणार? मला कुणी असं केलं असतं तर मी त्या घरात पाणी प्यायले नसते. ती मात्र जेवली. शेवटी "ग्रासियास" म्हणाली, माझ्याकडं न बघता.

दुपारी सगळे गुऱ्हाळावर गेले. मीही गेले. एरवी मला तिथं जायला आवडतं, चिपाडाचा जाळ, उकळत्या रसाचा वास. त्या दिवशी मला काहिलीचीही भीती वाटत होती. रस फुगून वर येत होता, गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता, आणि ती बाई काठावर वाकून बघत होती, आपल्या घरची चूल असल्यासारखी. मळी काढायला आमच्याकडं रानभेंडीचा चिकट रस घालतात. तिनं ते बघितलं आणि आनंदानं भावाला काहीतरी सांगितलं. दुभाषा म्हणाला, त्यांच्याकडंही एका झाडाच्या सालीचा असाच चिकट रस काढून घालतात. आमच्या गुळव्याला केवढा अभिमान वाटला. तो म्हणाला, "बाई जानकार हाय, गड्या!" भट्टीच्या तोंडाशी एवढी धग की पुरुषांनी सदरे काढले होते, पण तिनं गालावरचा रुमाल काढला नाही. घामानं तो भिजून गालाला चिकटला होता. मी चार पावलांवर उभी राहून ते बघत होते.

दुभाष्याला सांगावं का, असा विचार मी दहा वेळा केला. काय सांगणार? अहो, त्यांना सांगा की मी विधवा आहे, कुंकू लागलं म्हणून घाबरले, माझा मुलगा फौजेत आहे? सगळ्या पुरुषांपुढं, त्या पुण्याच्या माणसाकरवी? त्यानं आमच्या गावाबद्दल काय मत केलं असतं ते मला त्याच्या चष्म्यावरूनच दिसत होतं. आणि ग्रामसभेत ठराव वाचणारी मीच. लाजेनं मी गप्प बसले. घरी आल्या आल्या मोबाइल बघितला. फोन आलेला नव्हता, येणारही नव्हता, तरी बघितला.

आत्तींनी एकदाच विचारलं, "नीट धुतलंस न्हवं?"

"धुतलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "त्या बाईनं तोंड का गं झाकलंय?"

मी त्यांना सांगितलं. त्या रात्री जेवताना त्यांनी आपल्या हातानं तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ती नको नको म्हणत असताना आणखी एक ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे दुपारी इस्लामपूरकडं निघणार होते. सकाळी अंगणवाडीत मी पोरांना गाणी म्हणायला बसवलं आणि जुने धडे उघडून बसले. मला हवं होतं ते वाक्य स्वागताच्या धड्यात नव्हतं. ते भुकेच्या धड्यात निघालं. मला भूक लागली, मला तहान लागली, मला भीती वाटते, ही तिन्ही वाक्यं त्यांच्यात एकाच धर्तीवर आहेत. विधवेचा शब्द कुटुंबाच्या धड्यात होता. मी पाटीवर खडूनं सगळं ओळीनं लिहिलं, पाठ केलं आणि पुसून टाकलं. पुसण्याआधी तीन वेळा तपासलं. ठराव मी एकदाही न तपासता वाचला होता.

मी घरी आले तेव्हा पाहुणी माडीवर पिशवी भरत होती. मी दारात उभी राहिले. तिनं बघितलं, आणि हात आपसूक रुमालाकडं गेला.

"पेर्दोन," मी म्हटलं. माफ करा. मग पाठ केलेलं सगळं एका दमात ओतलं. "नो सु कारा. सोय ब्यूदा." तुमचा चेहरा नाही. मी विधवा आहे. तिला काही कळलं नाही. विधवा असण्याचा गाल धुण्याशी काय संबंध, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळणार नाही. मी तिच्या कपाळाकडं बोट दाखवलं, मग माझ्या कपाळाकडं, आणि हातानं नाही नाही केलं. "रोहो, नो." लाल, नाही. तरी ती नुसती बघत राहिली. मग माझा बांध फुटला. "मी इहो, सोल्दादो," मी म्हटलं. माझा मुलगा शिपाई आहे. "तेंगो म्येदो." मला भीती वाटते. आणि मी रडायला लागले, पन्नास वर्षांची बाई, ऐन दुपारी, पाहुण्याच्या खोलीत.

ती पलंगावर बसली. तिनं मलाही बसवलं. पुष्कळ काही बोलली, त्यातले मला दोनच शब्द कळले, मुलगा आणि भीती, आणि ते दोन्ही तिनं पुन्हा पुन्हा म्हटले. तिच्या मुलाचं काय आहे, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं असतं, पण तेवढे शब्द माझ्याकडं नव्हते. मग तिनं रुमाल काढून पिशवीत टाकला. मला वाटलं, चला, मिटलं.

पण मिटायचं खाली होतं. निघताना जावेनं तिची ओटी भरली, खण-नारळ दिला आणि पुन्हा तसंच सढळ हातानं कुंकू लावलं. अंगणात निम्मं गाव. ती एकेकाचा निरोप घेत आली. जावेला गालाला गाल लावला, आत्तींचे दोन्ही हात धरले. मग माझ्यापुढं आली आणि थांबली. हसली. माडीवर मी दाखवलेलं कपाळ, लाल, नाही, ते सगळं तिला कळलं होतं. तिनं पिशवीतून तोच रुमाल काढला आणि आपलं कपाळ पुसायला हात वर नेला.

माझ्यासाठी. मला लागू नये म्हणून. आमच्या घरातून सवाष्ण म्हणून निघालेली बाई उंबऱ्यासमोर आपल्या हातानं कुंकू पुसायला निघाली होती, कारण मला भीती वाटते. जावेच्या तोंडून "आगं बाई!" निघालं. आणि मला माझी भीती एकदम अशी दिसली की शरम वाटली. सोळा वर्षं मी ती माझ्या कपाळापुरती सांभाळत होते, आता ती दुसरीच्या कपाळापर्यंत गेली होती.

मी तिचं मनगट धरलं. तिला वाटलं मी रुमाल मागते आहे, ती देऊ लागली. मी तो घेतला आणि खाली वाकले. भाजलेल्या बाजूनं गाल लावला. ती कातडी थंड आणि मऊ होती. मग मीच तिला जवळ घेतलं, कपाळ-बिपाळ न बघता.

गाडी गेली. माणसं पांगली. माझ्या गालावर आणि कपाळाच्या कडेला कुंकू होतं, कानाजवळ एक अक्षता चिकटलेली. आत्ती ओसरीवर होत्या.

"पूस त्ये," त्या हळू म्हणाल्या.

"नाही पुसत आत्ती."

"आगं, पोरगं..."

"माहीत आहे मला."

मी धीट झाले असं कुणी समजू नये. मी आतून पार हादरले होते. नियम मोडला तर काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं, माझ्याकडं सोळा वर्षांचा पुरावा होता. त्या दुपारी मी दोनदा नळापाशी गेले आणि दोनदा परत आले. पुसलं असतं तर ती जिथं असेल तिथं तिचा गाल मी पुन्हा पुसला असता, असं काहीतरी मनात होतं. दुसऱ्या दिवशी आंघोळीत ते आपोआप गेलं. भीती गेली नाही. मोबाइल मी कमरेला खोचून फिरत होते. अंगणवाडीत खिचडी दोनदा करपली. गावातली गाडी दारावरून हळू गेली तरी मला वाटायचं निरोप घेऊन कुणी आलं. मालकांच्या वेळी असेच दोघे आले होते, टोप्या हातात घेऊन. आत्ती दर तासाला विचारायच्या, "आला का गं?" मी नाही म्हटलं की त्या जपमाळ घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणंही बंद केलं. ते विचारण्याहून वाईट होतं. आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींच्या वाटेत न येता वावरत होतो. त्यांनी मला बोल लावला नाही, एवढं त्यांचं ऋण मी मानते. पण मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं, की काही झालंच तर या घरात आम्हाला पुन्हा कधी एकमेकींच्या तोंडाकडं बघता येणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. फोन वाजला. नंबर अनोळखी होता. माझे हात पिठानं भरलेले, मला बटण दाबता येईना. आत्तींनी दाबलं आणि फोन माझ्या कानाला धरला.

"आई, ऐकू येतंय का? दुसऱ्याच्या फोनवरून करतोय, लवकर बोल."

आत्ती माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी मान हलवली, तोच आहे. त्या चुलीसमोर भिंतीला टेकून खाली बसल्या, फोन मात्र हात उंच करून माझ्या कानाला तसाच धरून ठेवला.

"आई? काय झालं? पाहुणे येऊन गेले ना? तू केलंस का स्वागत, त्यांच्या भाषेत?"

"केलं रे," मी म्हटलं. "पण ते आले त्या दिवशी नाही, निघाले त्या दिवशी."